थाळनेरचा पाचवा दरवाजा

दिवाळीच्या सुट्टीत जळगावच्या मूळ घरी जावे, वहिनींच्या हातचे भरीत आणि कळण्याची भाकरी चार दिवस पोटभर खावी आणि पुण्याला परतावे, हा आमचा दर वर्षीचा शिरस्ता. या खेपेस मात्र चिरंजीवांसाठी मी वाट थोडी वाकडी केली. चिरंजीव सतरा वर्षांचे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेला बसायचे त्यांनी ठरवले आहे. त्याचा अर्ज भरून तयार होता. पालकाची सही तेवढी राहिली होती, आणि ती का राहिली होती हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नव्हते.

त्याच्यापाशी एक वही आहे. शेजारच्या राष्ट्रांचे रणगाडे किती, विमाने किती, पाणबुड्या किती, त्याचे तक्ते तीत नेटके आखलेले. एरंडोल गेले, पारोळे गेले, कपाशीची शेते मागे पडली, तरी एस.टी.च्या खिडकीशी बसून त्याचे आकडे चालूच. "म्हणजे बाबा, आपण भारी आहोत की नाही?" मी म्हटले, "उद्या सांगतो."

रात्री धुळ्याला स्नेह्यांकडे मुक्काम केला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला. गावोगाव पायपीट करून जमवलेली त्यांची दप्तरे येथल्या संशोधन मंडळाने जतन केली. शत्रू किती आहे, कुठवर आला आहे, याची चिंता वाहणारी पत्रे जुन्या मराठी दप्तरांत पानोपानी भेटतात. तक्ते आखण्याचा नाद आमच्या मुलाचाच आहे असे नव्हे!

दुसऱ्या दिवशी शिरपूरमार्गे थाळनेरला गेलो. तापीच्या उत्तर तीरावरचे हे गाव फारुकी सुलतानांचे आद्य ठाणे. मलिक राजाला १३७० साली दिल्लीच्या फिरोज तुघलकाकडून हा मुलूख मिळाला आणि खानदेशाचे राज्य येथून उभे राहिले. त्या घराण्याच्या कबरी गावात आजही आहेत. किल्ल्याचा मात्र पडका तट आणि झुडपे. पारावरच्या एका वृद्धाने विचारले, "काय देखाले उनात भाऊ?" चिरंजीव माझ्या तोंडाकडे पाहू लागले. पुण्यात वाढलेल्या मुलाला अहिराणी कुठून कळणार? मी म्हटले, "काय पाहायला आलात, असे विचारताहेत."

काय पाहायला आलो होतो, ते तटावर बसून त्याला सांगितले.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांना गेला आणि त्यात थाळनेरही गेले. तो ताब्यात घेण्यासाठी सर टॉमस हिस्लॉप २७ फेब्रुवारीला येथे येऊन ठेपला. किल्लेदार होता तुळशीराम मामा. त्याच्यापाशी बहुतेक अरबांची सुमारे तीनशेची शिबंदी, एका अंगाला तापी, उरलेल्या तिन्ही अंगांना खोल घळ, तिच्यावर साठ फूट उंचीचा तट, आणि आत शिरायला एकच वाट, तीवर एकापुढे एक असे पाच दरवाजे. वहीत मांडायला हा हिशेब काही वाईट नव्हता. इंग्रजांनी ताकीद पाठवली, आणि किल्ल्यातून गोळीबार चालूच राहिला.

मग तोफा थेट दरवाज्याशी आणल्या गेल्या, तेव्हा हिशेब फसला. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन शरण आला. इंग्रज अधिकारी थोडे शिपाई घेऊन शेवटच्या दरवाज्याच्या दिंडीतून आत शिरले. आत अरब उभे होते. बोलणे सुरू झाले, पण एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, असे सांगतात. शब्दाने शब्द वाढला आणि हत्यारे चालली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. बाहेरच्या सैन्याने मग शिबंदी कापून काढली, आणि शरण आलेल्या तुळशीराम मामाला त्याच दिवशी फासावर लटकवले. विलायतेत या फाशीची चर्चा झाली. १८१९ साली पार्लमेंटने सैन्याच्या आभाराचा ठराव केला, तेव्हा या कृत्याला संमती समजू नये असे बजावले गेले.

"मग इंग्रजच भारी ठरले ना?" चिरंजीव म्हणाले.

त्याचे उत्तर मालेगावात मिळते. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले तरी त्या काळी खानदेशातच मोडे. थाळनेरनंतर तीन महिन्यांच्या आत कर्नल मॅकडॉवेल तेथे गेला. आत पुन्हा अरबच, साडेतीनशेच्या आसपास. या वेळी हिशेब चुकला तो इंग्रजांचा. २९ मेचा हल्ला फसला, वेढा जवळजवळ महिनाभर लांबला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली अथवा जखमी झाली. शरण गेल्यावर काय होते हे थाळनेरने दाखवले होते. मग कोण सुखासुखी शरण जाईल? दारूचे कोठार उडाल्यावर, चांगल्या वागणुकीचे लेखी वचन मिळाल्यावरच जूनच्या मध्यात किल्ला हाती आला. करारनामा मराठीत लिहिला गेला, आणि त्यातील शब्द अरबांना मूळ बेतापेक्षा अधिक देणारे पडले. एल्फिन्स्टनने ते शब्द पाळायला लावले.

तोफा दोन्हीकडे मोजल्या गेल्या होत्या. पण समोरचा कशाला भितो, कशाने हट्टास पेटतो, आपला शब्द त्याला कळतो का आणि पटतो का, हे कोणी मोजले? शत्रूला कमी लेखणे घातक खरेच. १९६२ साली चीनच्या बाबतीत ती किंमत आपण मोजली, आणि त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस जावे लागले. म्हणून आकडे हवेतच. परंतु तो हिशेब तटापर्यंतचा. पाचव्या दरवाज्याच्या आत तो चालत नाही, आणि तेथे उभा असतो तो कोणाचा तरी मुलगा.

हे शेवटचे वाक्य मी त्याच्याशी बोललो नाही. तो बराच वेळ तापीकडे पाहत होता. मग म्हणाला, "बाबा, त्या दिंडीत दोन्ही भाषा येणारा एक माणूस असता तर?"

पुण्यास परतल्यावर मी अर्जावर सही केली. सौभाग्यवतींनी ती पाहिली आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात गेल्या. रात्री सहज वही उघडली. रणगाडे, विमाने, पाणबुड्या यांच्या शेजारी पेन्सिलीने एक नवा रकाना आखलेला होता. मथळा होता : 'भाषा'.