तांबडी शाई

दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या धरमपेठेत पेढ्यांचा सुकाळ होतो. दुपारपासून दारावरची घंटा वाजू लागते. कुणाच्या चिरंजीवांस नव्वद टक्के, कुणाच्या कन्येस पंचाण्णव. पेढा पुढे करताना आईबाप म्हणतात, "सारे मेहनतीचे फळ हो!" आम्हीही मान डोलावतो, कारण मेहनत त्या पोरांनी केलेली असतेच. परंतु पहिला पेढा घशाखाली उतरतो न उतरतो तोच एका जुन्या वहीचे पान आमच्या डोळ्यांपुढे येते, आणि दुसरा काही घेववत नाही.

आम्ही नागपुरात पस्तीस वर्षे मराठी शिकविले. कोणत्या शाळेत, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. आमचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. घरात श्रीमंती म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. पण रोज वर्तमानपत्र येई, फडताळात पोथ्यांच्या शेजारी कादंबऱ्या असत, आणि दिवेलागणीस परवचा झाल्याखेरीज पान वाढले जात नसे. आमच्या मातोश्री जी भाषा बोलत तीच पाठ्यपुस्तकात छापलेली असे. शाळेच्या पायरीवर प्रथम पाऊल ठेवले तेव्हा निम्मी शाळा आमची घरीच झालेली होती. पुढे वर्गात पहिला क्रमांक येत गेला, आणि तो सर्वस्वी आपल्या बुद्धीचा, असे आम्ही खुशाल धरून चाललो. शिक्षक झाल्यावरही तो समज सुटला नाही. सुटावा कसा? आमच्यासारखीच मुले पहिली येत आणि आमच्यासारखी नसलेली मागे राहत. त्यात आम्हाला निसर्गनियमच दिसत असे.

१९९८ साली आठवीच्या वर्गात एक मुलगा आला. त्याचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी तोवर सरकारी महामंडळाकडे गेली होती. मुलाची फी माफ होती, पुस्तके मोफत होती. मग उणे कशाचे, असा प्रश्न आम्ही त्यालाच विचारला होता, कारण पाठांतरात तो नेहमी अडखळे. त्याने खाली पाहत उत्तर दिले ते असे: घर एका खोलीचे, बाबा रात्रपाळीला असले की दिवसा झोपतात, तेव्हा मोठ्याने वाचता येत नाही, दिवसपाळीला असले की संध्याकाळी घरी माणसांचा राबता असतो. म्हणजे भोंगा ज्या पाळीचा, अभ्यास त्या पाळीचा. आम्ही ते ऐकले आणि "मनात वाचत जा" असा उपदेश करून मोकळे झालो. मोठ्याने म्हटल्याशिवाय आमची स्वतःची एक तरी कविता पाठ झाली होती काय, हा विचार तेव्हा शिवला नाही.

त्याच वर्षी आम्ही 'माझे वडील' हा निबंध घातला. वर्गातील साऱ्या वडिलांचा स्वभाव 'बाहेरून कठोर पण आतून प्रेमळ' होता. ह्या मुलाने मात्र लिहिले होते, "बाबा पाळीहून येते तवा त्याइच्या केसात कापूस रायते. माय म्हणते बुढा झाला. मी फुक मारली का पुन्हा जवान होते." पुढेही दीड पान असेच होते. वाचताना आम्हाला हसू आले आणि क्षणभर डोळेही पाणावले, हे आम्ही कबूल करतो. त्यानंतर आम्ही तांबडी शाई उचलली. 'तवा', 'रायते', 'मले', 'काऊन' यांच्याभोवती एकामागून एक वर्तुळे काढली, समासात 'अशुद्ध' असे लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. गंमत अशी की त्याच आठवड्यात वरच्या वर्गात आम्ही लीळाचरित्र शिकवीत होतो. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ म्हाइंभटांनी आपल्याच विदर्भात, ऋद्धिपुरास सिद्ध केला, हे सांगताना आमची छाती फुगली होती. सातशे वर्षांपूर्वीची वऱ्हाडी भूमी आम्हाला पूज्य होती. त्याच भूमीची बोली समोरच्या बाकावरून कानी आली की मात्र ती अशुद्ध ठरे.

पुढचा निबंध त्या मुलाने बाजारातल्या मार्गदर्शकातून उतरविला. एकही चूक नव्हती आणि एकही वाक्य त्याचे नव्हते. आम्ही सात गुण दिले आणि "प्रगती आहे" असा शेरा मारला. त्यानंतर तीन वर्षांत त्याने स्वतःचे असे काहीही लिहिले नाही. २००१ साली तो दहावीला बेताच्या गुणांनी पार पडला; २००२ साली गिरणी कायमची बंद झाली आणि तो बारावी सोडून एका दुकानात मालाची चढउतार करू लागला.

ह्या कथेत दारिद्र्य आहेच, पण नुसते दारिद्र्य म्हणून ती निकालात काढता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. आमच्या देशात वर्ग म्हटला की जात त्याच्या पाठोपाठ येतेच. डोक्यावर ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरी ह्याच नागपुरात शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या, आणि अस्पृश्य बाई शिकविते म्हणून पालकांनी हरकत घेताच ती नोकरी गेली. तेव्हा त्यांनी १९२२ साली चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. नागपूर विद्यापीठ त्याच्या पुढच्या वर्षीचे. विद्यापीठाचा इतिहास आम्हाला तोंडपाठ होता. जाईबाईंचे नाव आम्ही निवृत्त झाल्यावर ऐकले.

अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी १९६६ साली हजारो शाळांची पाहणी करून दाखविले की शाळेच्या इमारती आणि साधने यांतील फरकापेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचे पारडे जड असते. फ्रान्सचे बोर्द्यू आणि पासरों यांनी १९७० साली त्याही पुढची गोष्ट मांडली: काहींनाच घरी मिळालेली संस्कृती शाळा सर्वांकडून मागते आणि ती ज्याच्यापाशी असते त्यास हुशार ठरविते. हे वाचले तेव्हा आम्हाला नवे असे काही वाटले नाही. तो विद्वान आमच्या शाळेच्या तपासनिसाच्या खुर्चीत येऊन बसला होता की काय, असेच वाटले.

२०२४ सालच्या उन्हाळ्यात तो मुलगा (मुलगा कसला, चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ) हाती कागद घेऊन आमच्या दारी आला. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत ज्या पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांतली एक त्याला मुलीसाठी हवी होती. सरकारी वा अनुदानित शाळा एका किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेस ह्या अटीतून सूट, असा नियम राज्य सरकारने फेब्रुवारीत काढला होता. उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला. ह्या घोळात आपली मुलगी कोठे बसते, ते त्याला आमच्याकडून समजून घ्यायचे होते. यथावकाश सोडतीत तिचा नंबर लागला. शाळा इंग्रजी. म्हणजे ज्या शुद्ध मराठीपायी आम्ही तांबडी शाई आटविली, तिलाही तेथे मागच्याच बाकावर बसावे लागणार! आमचा नातू तशाच शाळेत जातो. त्याला धड मराठी येत नाही आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही, हेही येथे सांगून टाकावे.

"सर, तिले तुमच्यासारखं बोलाले शिकवा. माह्यावानी नको," तो म्हणाला.

आम्ही धीर करून त्या निबंधाची आठवण काढली. कापूस, फुंकर, तीन गुण, सारे सांगितले. तो गोंधळून पाहत राहिला.

"कोन्ता निबंध, सर?"

दर रविवारी मुलगी आमच्याकडे येते. आमच्या मेजावर नातवाशेजारी बसून ती इंग्रजी शब्द लिहिते, आणि मग न विचारता शेजारच्या मांजरीची हकीकत सांगू लागते. त्यात 'मले' येतो, 'काऊन' येतो. प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारा, अशी बापाची ताकीद आहे, आणि ती ताकीद वेडेपणाची आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. शाळेत तिला कोणी हसले तर ते सोसायचे तिलाच आहे. गेल्या रविवारी मांजरीला पिले झाली. किती, ते तिने बोटांवर मोजून दाखविले, आणि आम्ही पुढे काय झाले म्हणून विचारले.