सरळ अंगठ्याचे मूल्यमापन

पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलंडून त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा यावा, या व्यंगाचा सारा दोष चिंचोळ्या बुटांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे, कारण आनुवंशिकतेचाही त्यात हिस्सा असतो. तथापि १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगच्या पाहणीत हे व्यंग बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना आणि अनवाणी राहणाऱ्यांपैकी केवळ १.९ टक्क्यांना आढळले, हे ध्यानी घेतले म्हणजे मालवणच्या चिवला किनाऱ्यावर वाळूत टाचा रोवून रापणीचे जाळे ओढणाऱ्यांची ऐसपैस फाकलेली बोटे हेवा करण्याजोगी वाटू लागतात.

माझ्या मावशीच्या वाट्याला मात्र ते व्यंग आलेच. अंगठ्याच्या दाबाने शेजारच्या बोटातले जोडवे रुतू लागले, चपलेचा अंगठा गाठीवर घासू लागला, आणि अखेर हाड कापून, सरकवून, स्क्रूने जखडण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे पायावर भार देऊन, उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात अंगठ्याचा कोन पंधरा अंशांच्या आत, म्हणजे प्राकृत मर्यादेत, आल्याची खातरजमा करून शल्यविशारद प्रसन्न झाले, तेव्हा मावशीने शांतपणे विचारले, "अंगठो सरळ झालो, बरा झाला, पण माका आदाळ्यार बसूक जमतला काय?"

या प्रश्नाची दखल शास्त्राने मुळीच घेतलेली नाही, असे नव्हे. १९९४ सालच्या अमेरिकी गुणपद्धतीत शंभरांपैकी ४० गुण वेदनेला, ४५ कार्यक्षमतेला आणि सरळपणाला अवघे १५ आहेत. परंतु त्या ४५ मध्ये अंगठ्याच्या मुळाचा सांधा किती वाकतो याला १० गुण, आणि कोणते बूट घालता येतात यालाही तितकेच! आदाळ्यावर, म्हणजे विळीवर, मासळी साफ करताना चवड्यावर भार देऊन उकिडवे बसणाऱ्या स्त्रीच्या लेखी पहिल्या दहांत सर्वस्व असते, दुसऱ्या दहांशी तिचे कर्तव्य नसते. रुग्णानेच उत्तरे द्यावयाची मँचेस्टर-ऑक्सफर्डची सोळा कलमी प्रश्नावली चालणे, उभे राहणे, रात्रीचा ठणका यांची अगत्याने विचारपूस करते. जमिनीवर बसण्याचे कलम तीतही नाही.

कोन मोजू नये, असे माझे म्हणणे नाही. व्यंग पुन्हा उद्भवू लागल्याचा पुरावा त्यातूनच हाती येतो. मात्र या पायाकडून कोणते काम हवे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाच्या तोंडून ऐकून केसपेपरावर नमूद व्हावे, आणि वर्षाअखेर प्रथम त्याच कामाचा जबाब घ्यावा.