ओट्याचा दगड आणि लिंबाची फोड



घर बांधताना आपण किती खल करतो पाहा! चौकट सागाची की बाभळीची, वर पत्रे की स्लॅब, यावर ओसरीत बसून चार संध्याकाळी जातात. स्वयंपाकाच्या ओट्याचा दगड मात्र कोणीतरी तालुक्याला गेल्यावर जाता जाता पसंत करून येतो. त्या दगडापुढे पुढची पंचवीस-तीस वर्षे उभी राहायची असते ती घरातल्या बाईला. तिला कोणी विचारीत नाही. आमच्याकडे असेच झाले आणि चांगली अद्दल घडली. तुमची फसगत होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

जुन्या घरी चुलीजागी गॅस आला, तेव्हा मामंजींनी कडप्प्याचा ओटा करून घेतला होता. नवे घर बांधले त्या साली कांद्याने हात दिला. ह्यांना वाटले, यंदा ग्रॅनाइटच बसवू. दुकानदाराने काळाकुळकुळीत, तोंड दिसेल असा दगड दाखवला. भाव ग्रॅनाइटचा घेतला. ओटा बसला, आल्यागेल्याने कौतुक केले.

दोन महिन्यांत त्यावर पांढुरके डाग दिसू लागले. जिथे लिंबू चिरले, चिंचेचा कोळ सांडला, ताकाचे भांडे ठेवले, तिथली चमक गेली. घासावे तर डाग हटेना. मला वाटले, माझाच हलगर्जीपणा. जीव नुसता खाली-वर होई. एके दिवशी सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, तुझं काही चुकलं नाही. हा तर आपला जुनाच दगड, नवं लुगडं नेसून आलाय!"

खरेच, तो पॉलिश केलेला कडप्पा होता!

आता यातले मर्म सांगते. आंध्रातला कडप्पा, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी, राजस्थानचा कोटा, ही सारी चुनखडीची भावंडे. संगमरवर म्हणजेही जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पालटलेली चुनखडीच. चुन्याचे आणि आंबटाचे वैर. आंबट पडले की वरचा थर खाल्ला जातो. तो डाग वर बसलेला नसतो, दगडच झिजलेला असतो. मग घासून कसा जाणार? आणि आपल्या स्वयंपाकात लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, ताक यांवाचून दिवस जातो का?

ग्रॅनाइटचे कूळ वेगळे. जमिनीखालचा तप्त रस थिजून तो बनला. घरातल्या आंबटाला तो दाद देत नाही, गरम कढईलाही सहसा डगमगत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही अशाच रसातून झालेला. पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच-लसूण वाटली, पाटा कधी पांढरा पडला का? मात्र त्या दगडाच्या लांबरुंद, पातळ फरश्या सहसा निघत नाहीत, म्हणून ओट्याला ग्रॅनाइट आणावा लागतो.

हल्ली क्वार्ट्झ नावाचा कारखान्यातला दगडही मिळतो. गारेचा चुरा राळेसारख्या रसायनात बांधून तो करतात. डाग कमी पडतात, पण तापलेला तवा थेट ठेवला तर ते रसायन करपते. शिवाय तो कापताना उडणारी धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाऊन बसते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या दगडावर बंदी घातली. गारेचा अंश ग्रॅनाइटमध्येही असतो. म्हणून कोणताही दगड कापायचा तर पाणी सोडून कापायला सांगा आणि कारागिराला तोंडाला मास्क लावायला लावा. आपला ओटा व्हावा म्हणून कोणाच्या छातीला रोग नको.

याचा अर्थ कडप्पा टाकाऊ, असे मुळीच नाही. मांडणीच्या फळ्यांना आणि ओट्याखालच्या आधाराला तो छान. ऐपत नसेल तर ओट्यालाही घाला, पण कडप्प्याच्या भावाने घाला आणि डाग पडणार हे जाणून घाला.

पारख सोपी आहे. ज्या फरशीतून तुमचा ओटा निघणार, तिचाच तुकडा मागा. पॉलिशच्या बाजूवर लिंबू पिळा, पाव तास थांबा, पुसून उजेडात तिरपे धरा. चमक गेली तर तो चुनखडीचा दगड. तशीच राहिली तर पुढची बोलणी करा.

आणखी एक, उंची. गवंडी सर्वांना एकच माप लावतो. तुम्ही ताठ उभ्या राहा, कोपर दुमडा आणि त्याखाली सुमारे अर्धी वीत जागा ठेवून खूण करून घ्या. पाठ तुमची आहे, गवंड्याची नव्हे.

आमचा ओटा आम्ही काढला नाही. पुन्हा तेवढे पैसे कुठून आणायचे? लिंबू आता पाटावर चिरते, सांडले की लगेच पुसते. गेल्या वर्षी धाकट्या दिरांचे घर झाले. दगड पाहायला जाताना ह्यांनी खिशात दोन लिंबे टाकली आणि जावेला म्हणाले, "चला वहिनी, ओटा तुमचा, पसंतीही तुमचीच."

लिंबे तर कामी आलीच. पण मला विचाराल तर त्या दिवशी खरी पारख झाली ती त्या शेवटच्या वाक्यात.