काळी, पांढरी आणि नकाशा

घनसावंगी आमचं मूळ गाव. जुन्या नकाशांचा नाद लागला तेव्हा साहजिकच पहिल्यांदा तेच शोधलं. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराचे १९५०च्या दशकातले भारताचे नकाशे केव्हाच नेटवर टाकून ठेवलेत. गंमत बघा, आपल्याच सर्व्हे ऑफ इंडियाच्या कामावर बेतलेले नकाशे, आणि ते उतरवून घ्यायचे अमेरिकेतून! इथे २००५च्या धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी मालिका ठरली, आणि २०१७ पासून ती नेटवर फुकट मिळू लागली.

त्या जुन्या नकाशावर जायकवाडीचा डावा कालवा नाही. कसा असणार, धरणच १९७६चं. जालना जिल्हाही नाही, तो १९८१चा. गोदावरी मात्र तिथेच.

पन्नास हजारी शीटवर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. ७६ रेखांशाला ४७ नंबरचा नकाशा संपून ५६ सुरू होतो, आणि ती रेघ नेमकी आमच्या तालुक्यातून जाते. त्यामुळे अख्खा तालुका बघायचा तर शीटं चिकटवत बसा! वस्ती लाल, शेती पिवळी, कोरडे ओढे काळे. आपल्याकडे गावठाण म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी. सर्व्हेवाल्यांनी पांढरीला लाल केलं आणि काळीला पिवळं. असो.

प्रिंट आत्यासमोर पसरली. वय ८३. "ह्यात नुसत्या रेघोट्या हायेत की रे, चिंचेची पट्टी कुठंय?" म्हणाली. खरंच, कुठेच नाही. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर. खळ्याचं, चिंचेची पट्टी, दुबळीचं ही नावं सरकारी कागदावर कधी चढलीच नाहीत. यंदा आमच्यातला एक तुकडा विकला जातोय. घेणाऱ्याला नंबर पुरेसा आहे, त्यात त्याचं काही चूक नाही. पण आत्याच्या मागे ही नावं सांगणारं घरात कोणी नाही.

म्हणून ती सांगत गेली तसं पेन्सिलीने लिहीत गेलो. चौदा नावं झाली. दुबळीचं ओढ्याच्या अलीकडे, असं काका म्हणतात. आत्या म्हणते पलीकडे. सध्या दोन्हीकडे लिहून ठेवलंय. दिवाळीत ओढ्यापर्यंत गाडी जाते का बघतो, गेली तर आत्यालाच घेऊन जाईन. भावंडांपैकी कुणाला पंधरावं नाव आठवत असेल, तर त्याआधी कळवा.