गोधडीवरचा सारस

गोधडीला कला म्हणावयाचें आमच्या घरांत आजवर कोणाच्या ध्यानींमनीं आलें नव्हतें. जुनें लुगडें विरलें, कीं त्याच्या घड्या एकावर एक घालावयाच्या, वर त्यांतल्या त्यांत धड असलेला पदर पसरावयाचा आणि कडेपासून आंत आंत धावदोरा घालीत यावयाचें, एवढाच तो व्यवहार. बाळंतिणीच्या खोलींतील गोधडींत आजीच्या लुगड्याचा काठ दिसे, तेव्हां घराण्याचा इतिहास मुलाच्या अंगावर आपोआप पांघरला जाई.

आतां ही गोधडी भिंतीवर चढूं लागली आहे. परदेशांत कापडाच्या तुकड्यांनीं चित्रें रचण्याची विद्या चांगलीच बहरली आहे; ऑस्ट्रेलियांतील अशा गोधड्यांवर पाणथळींतील पक्षी आणि तेथील मूळ रहिवाशांचा वारसा हे विषयही येतात. आमच्या पुतणीनें यंदा तसाच घाट घातला: नवेगांवबांधचें तळें, त्यांत सारसांची जोडी आणि भोंवतीं गोंडी चित्रांतल्यासारखी ठिपक्यांची नक्षी. "पांघरायची नाहीं, ती गोधडी कसली ग?" असें आमच्या वडील बहिणीनें, अक्कानें, विचारलें आणि घरांत दोन पक्ष पडले.

विषयाची निवड आम्हांस पसंत होती. नवेगांवचें तळें निसर्गानें आयतें दिलेलें नव्हे; कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं डोंगरांच्या कुशींत बांध घालून तें निर्माण केलें. भंडारा-गोंदियाकडे असल्या तळ्यांवर धानाची शेती उभी राहिली आणि त्या धानांत सारस राहिला. पुरुषभर उंचीचा हा पक्षी जोडीनें राहतो आणि धानाच्या बांधींतही घरटें करतो. म्हणजे त्याचें अंडें शेतकऱ्याच्या मर्जीवर जगतें. महाराष्ट्रांत तो आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे. वनाधिकारी म्हणून नवेगांवास राहिलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं या रानाला व तेथल्या पाखरांना मराठी गद्यांत स्थान दिलें. एका मुलीनें त्यांना कापडावर स्थान द्यावें, यांत गैर तें काय?

प्रश्न होता तो ठिपक्यांचा. नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शहा यानें वसविलें. म्हणून गोंडी वारसा आपलाच, असें आम्ही नागपूरकर सहज म्हणतों. परंतु ज्या चित्रांना आज जग गोंड कला म्हणून ओळखतें, त्यांचें माहेर जुन्या मंडला जिल्ह्यांतील पाटणगढच्या परधानांत आहे. तेथील जनगढसिंह श्याम यांनीं १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनाच्या आश्रयानें तीं भिंतीवरून कागदावर आणलीं. त्या परंपरेंत आकृति भरण्याची ज्याची त्याची खूण वेगळी असते. कोणाचे ठिपके, कोणाच्या रेघा. ती त्या चित्रकाराची सहीच होय. १९९४ सालीं ऑस्ट्रेलियांतील न्यायालयानें मूळ रहिवाशांचीं चित्रें परवानगीवांचून गालिच्यांवर उतरविणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध निकाल दिला; आणि त्या चित्रकारांना आपल्या समाजांत सोसाव्या लागलेल्या मनस्तापाचीही भरपाई देवविली.

आमची पुतणी व्यापार करणार नव्हती, हें खरें. पण कौतुकानें केली तरी दुसऱ्याची सही ती दुसऱ्याचीच. आम्हीं हें सांगितल्यावर ती हिरमुसून म्हणाली, "काका, मग सारसाच्या अंगांत मी भरूं तरी काय?"

उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. तें अक्कानें दिलें. "तुझा धावदोरा आहे ना! आमच्या आईचा टांका तांदुळाएवढा, माझा जवाएवढा. तुझा कसा पडतो तो पाहूं."

खरोखर, वारसा म्हणजे याहून निराळें काय असतें? शेजाऱ्याच्या अंगणांतील रांगोळी पाहून आनंदावें, तिचें नांव-गांव विचारावें. आपल्या दारीं मात्र आपल्या बोटांनीं काढावी. सारस आपल्या सर्वांचा आहे, कारण त्याला राखण्याचें ओझेंही सर्वांचें आहे. भिंतीवरच्या सारसानें बांधींतला सारस वाचत नाहीं. परंतु ज्या घरांत त्याचें नांवच कोणी घेत नाहीं, तेथें तो गेल्याची खंत तरी कोण करणार?

आतां राखी रंगाच्या जुन्या लुगड्यावर काम चालूं आहे. पौषांत ती गोधडी भिंतीवरून उतरवून कोणाच्या तरी अंगावर घालावयाची, ही अक्काची अट आहे. आणि ती उभयपक्षीं मान्य झाली आहे.