विरार-सोपारा, सोपारा-विरार

माझं पोट बॅकअपवर चालतं. त्यामुळे जगातल्या सगळ्यात जुन्या बॅकअपबद्दल मला व्यावसायिक आदर आहे :-)

ऋग्वेदात १०२८ सूक्तं, दहा हजारांवर ऋचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ज्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये नोंद घेतली, त्यातलं सर्वात जुनं १४६४चं. ऋग्वेद त्याच्या दोन-अडीच हजार वर्षं आधीपासून म्हटला जातोय. तोही नुसते शब्द नाहीत, उदात्त-अनुदात्त-स्वरितासकट!

चौथीतल्या लेकीला हे सांगायला आपली विरार लोकल कामी आली. समजा, स्टेशनं म्हणजे मंत्रातले शब्द. विरार, नालासोपारा, वसई असं सुटं म्हटलं की पदपाठ. विरार-सोपारा, सोपारा-वसई, वसई-नायगाव अशा जोड्या केल्या की क्रमपाठ. विरार-सोपारा, सोपारा-विरार, विरार-सोपारा करून मग पुढची जोडी घेतली की जटापाठ. आणि घनपाठ म्हणजे विरार-सोपारा, सोपारा-विरार, विरार-सोपारा-वसई, वसई-सोपारा-विरार, परत विरार-सोपारा-वसई. हुश्श! मग सोपाऱ्यापासून पुन्हा तेच. आता यात एखादं स्टेशन गाळून बघा, लगेच चोरी पकडली जाते. आम्ही चेकसम म्हणतो ते आणखी काय असतं?

लेकीला खेळ आवडला. भाईंदरपर्यंत गेली आणि म्हणाली, "बाबा, मग आई पण म्हणायची का हे?"

घ्या. खरं उत्तर असं की आईला, आजीला आणि शूद्र ठरवलेल्या सगळ्यांना शतकानुशतकं हे शिकायची बंदी होती. ते मी तिला तसंच सांगितलं, गोड करून नाही. पुण्यात १९७०च्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात झाली, हेही सांगितलं. पण तेव्हापासून ही सिस्टीम मला जरा वेगळी दिसायला लागलीय.

कारण आमच्या सोपाऱ्यातच उलटं उदाहरण आहे. शूर्पारक बंदरात अशोकाने आपले लेख दगडावर कोरून घेतले, लोकांच्या प्राकृतात, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसाठी. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये नवव्याचा. म्हणजे सगळ्यांसाठी खुलं होतं ते फुटलं आणि मोजक्यांनी जपलं ते टिकलं, असं म्हणावंसं वाटतं ना? थांबा. अशोकाचे तेच लेख गिरनारला आहेत, इतरत्रही आहेत. म्हणून सोपाऱ्याचा दगड फुटला तरी मजकूर गेला नाही. याउलट पतंजलीने ऋग्वेदाच्या २१ शाखा मोजल्या होत्या. आज प्रामुख्याने म्हटली जाते ती एक, शाकल. बाकीच्यांचा चेकसमसुद्धा उत्तमच असणार. शिष्य संपले.