तिनं भांडून घेतलेलं रान

मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम 2023 च्या अखेरीस राज्यभर वाढवण्यात आलं आणि भोर-वेल्ह्याकडे घरोघरी जुन्या पत्र्याच्या ट्रंका उघडल्या गेल्या. कुणबी नोंद सापडली तर जातीचा दाखला मिळेल, म्हणून ज्याला त्याला पणजोबा-खापरपणजोबांची नावं हवी होती. आमच्या घरात हे काम माझ्याकडे आलं. मला कागद वाचायची आवड आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं गाव कानंद खोऱ्यातलं, तोरण्याच्या पायथ्याकडचं. गावाचं नाव आणि माणसांची नावं मी इथे लिहीत नाही. भावकीत लेकीसुना नांदताहेत. आजोबांचे वडील आजोबांच्या लहानपणीच वारले, आजी-पणजीनं कष्ट करून घर उभं केलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. भावकीची भाताची खाचरं ओढ्याच्या काठाला एकाला एक लागून आहेत. आमचं रान मात्र वर डोंगराच्या उताराला, वरकस, नाचणी-वरईचं. खाचर एकच, तेही सगळ्यात शेवटचं. मेंगाईच्या जत्रेत मानाच्या रांगेत आमचं घर मागे. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

सुरुवात सातबाऱ्यापासून केली. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात. एक फेरफार काढला की तो मागच्या फेरफाराकडे बोट दाखवतो. 1950 नंतरचे कागद बाळबोध लिपीत होते, ते सरळ वाचता आले. त्याआधीचा काळ भोर संस्थानचा. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे संस्थानचे पाच तालुके होते. प्रचंडगड म्हणजे आमचा तोरणा. 8 मार्च 1948 ला पंतसचिवांचं हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाचा जुना कागद शोधायचा तर आजच्या तालुक्यांची नावं विसरून संस्थानच्या तालुक्यांची नावं धरावी लागतात. शिवाय लिपी मोडी. शिरोरेघ आधी ओढलेली, शब्दांत मोकळी जागा नाही, बोरू उचलायचा नाही म्हणून अक्षर अक्षराला जोडलेलं. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना सोबत घेतलं.

जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरात, ज्याला गावाकडे कोतवाल बुक म्हणतात, आजोबांची नोंद सापडली. साल 1911. मूल मुलगा, जात कुणबी. आईचं नाव होतं आणि त्यापुढे तिचं माहेर, वेळवंडी खोऱ्यातलं गाव. बापाचं नाव नव्हतं. गुरुजींनी ती ओळ पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाले, ‘‘ताई, हे मूल लग्नाचं नाही.’’ त्या पानावरच्या इतर सगळ्या नोंदींत बापाचं नाव होतं.

मी घरी येऊन थोरल्या काकांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पोरी, दाखल्यापुरतं बघ. जुनं उकरून काय मिळणार?’’ त्यांच्या मनातली भीती मला कळत होती. आमच्याकडे सोयरीक जमवताना बैठकीला बसणारी माणसं आधी कूळ विचारतात. बारमाशी की अकरमाशी, म्हणजे लग्नाचे की लग्नाबाहेरचे, असा प्रश्न अजून दबक्या आवाजात येतो. लेकावळ्याच्या वंशाला सोयरिका लांबूनच शोधाव्या लागत. आमच्या घरातल्या आत्या घाटाखाली महाडकडे का दिल्या, हे त्या दिवशी मला उमगलं.

पण मला थांबता येईना. मी थोरल्या आत्यांकडे गेले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्या पणजीच्या हाताखाली वाढलेल्या. मी नोंदीचं सांगितलं तर त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, उलट ताठ बसल्या. ‘‘मला ठावं हाय,’’ म्हणाल्या. ‘‘आजी लग्न होऊन इथं आलीच नव्हती. नवरा मेला, सासरी कुणी ठेवीना, म्हणून पाटलाच्या वाड्यावर कामाला आली. आन् वरचं रान कुणी दिलेलं न्हाई. तिनं भांडून घेतलंय.’’

आत्यांच्याच देवघरामागच्या डब्यात तो कागद होता. भोर संस्थानच्या शिक्क्याचा स्टँपपेपर, मोडीतला तडजोडनामा. गुरुजींनी वाचून दाखवला. वाड्याचा घरधनी, म्हणजे आजोबांचा बाप, 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. लग्नाच्या बायकोची दोन मुलं वारस. पणजीनं आपल्या अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून दावा लावला. शेवटी दोन्ही बाजूंनी ठरलं की मुलाला एक खाचर आणि वरकस रान द्यावं, पुढे काही मागू नये. खाली साक्षीदारांची नावं आणि पणजीच्या डाव्या हाताचा अंगठा.

एका निरक्षर विधवेला हा दावा लावायचं कुणी सुचवलं असेल, म्हणून मी जुना हिंदू कायदा वाचला. मिताक्षरेनुसार ज्यांना शूद्र मानलं जाई त्यांच्यात, कायम ठेवलेल्या स्त्रीपासून झालेल्या मुलाला बापाच्या मिळकतीत वाटा होता. द्विज मानल्या गेलेल्या घरांत त्याला नुसतं अन्नवस्त्र. मुंबई हायकोर्टानं एकोणिसाव्या शतकातल्या निकालांत हा वाटा मान्य केला होता. स्त्रीचा नवरा हयात असेल आणि संबंध व्यभिचाराचा ठरला तर वाटा मिळत नसे. पणजी विधवा होती, बाळंतपणाआधी आणि नंतरही त्याच घरात राहिली होती. म्हणजे तिचा दावा कायद्यात बसत होता. समोरच्यांनाही ते कळलं असणार, म्हणूनच तडजोड झाली.

पुढे 1956 चा हिंदू वारसा कायदा आला. त्यानं लेकींना बापाच्या मिळकतीत वारस केलं, हे मोठं काम झालं. पण लग्नाशिवाय झालेल्या मुलाचं नातं त्यानं फक्त आईशी धरलं, आणि दासीपुत्राचा जुना वाटा संपला. पणजीनं 1919 च्या सुमाराला जे मिळवलं, ते तिच्यासारख्या बाईला 1956 नंतर मिळालं नसतं. सुप्रीम कोर्टानं 1 सप्टेंबर 2023 ला अवैध ठरलेल्या विवाहातल्या मुलांना आईबापाच्या वाट्यात हिस्सा मान्य केला. तिथेही विवाहाचा विधी तरी झालेला असावा लागतो. ज्या मुलाच्या आईवडिलांत कसलाच विधी झाला नाही, त्याला ते दार उघडलेलं नाही.

भावकीची बैठक झाली तेव्हा मी हे सगळं मांडलं. एक चुलतभाऊ चिडून म्हणाला, ‘‘हे कागद फाडून टाक.’’ मी त्याला महादजी शिंद्यांची आठवण करून दिली. राणोजींना लग्नाच्या बायकोपासून झालेली मुलं वेगळी. महादजी आणि तुकोजी चिमाबाईंचे, लग्नाबाहेरचे. पानिपतानंतर शिंद्यांच्या सरदारकीवर महादजींचा हक्क मान्य व्हायला याच कारणानं वर्षं गेली. 1768 मध्ये ती मिळाली आणि दिल्लीच्या बादशहाला त्यांनी गादीवर बसवलं. यशवंतराव होळकरही तुकोजी होळकरांचे लग्नाबाहेरचेच पुत्र, ज्यांनी 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरजवळ पेशवा आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यांच्या नावानं आपण छाती फुगवतो आणि आपल्या घरातल्या आजोबांचं नाव दडवतो, हे मला पटत नाही. आजोबांचा जन्म त्यांनी निवडलेला नव्हता. दोष असेल तर तो बाईला वाड्यावर ठेवून नाव न देणाऱ्या माणसाचा आहे.

मग थोरले काकाच बोलले. ‘‘त्या बाईनं आपल्याला रान दिलं. त्या रानावर मी शिकलो.’’ त्यांनी एवढं म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही.

आमची वंशावळ आम्ही पुन्हा लिहिली. जुन्या वंशावळीत पुरुषांमागून पुरुष होते, एकही बाई नव्हती. त्या पिढीतल्या ज्या बायका रीतीनं लग्न होऊन आल्या, त्यांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत, कारण कागदांनी त्यांची दखल घेतली नाही. पणजीचं नाव उरलं, ते बापाचं नाव लावता येत नव्हतं म्हणून. नव्या वंशावळीत आजोबांच्या वर तिचं नाव आहे. बापाचंही नाव आहे, कारण तडजोडनाम्यात ते कबूल केलेलं आहे. शोधता आलेल्या बाकीच्या आयांची नावंही घातली. काही ठिकाणी फक्त माहेरचं गाव मिळालं, ते लिहिलं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लावणं बंधनकारक झालं आहे. आपल्या वंशावळींनी मात्र हे अजून स्वीकारलेलं नाही. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ, कुठेही तुम्ही सध्या जुने कागद काढत असाल, तर दाखल्यापुरतं बघून थांबू नका. बापाचा रकाना कोरा असेल तर पान उलटू नका, तिथे आईचं नाव काय लिहिलंय ते वाचा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि ती सांगेल ते तिच्या हयातीतच लिहून ठेवा. लग्नाशिवाय जन्मलेल्या माणसाला घराच्या इतिहासात पूर्ण जागा द्या. ती त्याची हक्काची आहे.